बुजवलेल्या चराचा हिशेब

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गल्लीतला चर खचला. फेब्रुवारीत पाण्याच्या नव्या लाइनसाठी तो खोदला होता. मार्चअखेर त्यावर डांबर पडलं, रस्ता गुळगुळीत झाला आणि आम्ही सगळे तो विसरलो. मग दोन दिवस संततधार लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे काका दूध आणायला स्कूटरवरून निघाले आणि पुढचं चाक त्या पट्ट्यात उतरलं. मनगट मोडलं. मागून टेम्पो येत नव्हता म्हणून तेवढ्यावर निभावलं.

संध्याकाळी पाऊस उघडल्यावर मी घरातली १२ मिलिमीटरची सळई घेऊन खाली गेले. डांबराला तडा गेला होता तिथे ती टेकवली आणि दोन्ही हातांनी दाबली. हातोडी लागली नाही. सळई दोन फूट आत गेली आणि वर काढली तेव्हा टोकाला काळा चिखल होता. तिथून चार पावलांवर, रस्ता कधीच खोदलेला नाही अशा कडेला तीच सळई टेकवली, तर अंगाचा सगळा भार टाकूनही ती बोटभर शिरेना.

मी अकरा वर्षं माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम केलं. धरणांचे भराव, रस्ते, इमारतींचे पाये अशा कामांवरची माती पोत्यांतून आमच्याकडे यायची. शहरातल्या चरांची माती मात्र फार क्वचित आली. इतकी क्वचित, की ते प्रसंग मी बोटांवर मोजू शकते. रस्ते का खचतात याचं बरंचसं उत्तर मला तिथेच दिसतं. पाऊस आणि डांबर यांच्या नावानं आपण दरवर्षी ओरडतो, आणि त्यांच्याखाली मीटर-दीड मीटर जाडीचं जे मातीकाम झालं त्याची चौकशी कोणी करत नाही. माझं म्हणणं असं आहे की चर बुजवणं हे पाइप टाकण्याचं उरलंसुरलं काम न मानता स्वतंत्र बांधकाम मानलं पाहिजे. ते थराथराला मोजलं गेलं पाहिजे, मोजल्याशिवाय त्याचं बिल निघता कामा नये, आणि तळाच्या मातीपासून वरच्या डांबरापर्यंतची जबाबदारी एकाच्याच गळ्यात असली पाहिजे.

आधी साधं गणित बघू. चर १.२ मीटर खोल आहे असं धरा. त्यातला भराव त्या मातीच्या जास्तीत जास्त घनतेच्या ९५ टक्के दाबला जायला हवा होता, पण घाईत तो ८५ टक्क्यांवरच राहिला. ही माती पुढे पाण्यानं आणि वाहनांनी बसत बसत ९५ टक्क्यांवर आली, तर भरावाची उंची साधारण साडेदहा टक्क्यांनी घटते. म्हणजे साडेबारा सेंटिमीटर, जवळजवळ पाच इंच. वरचा डांबराचा थर कितीही उत्तम असला तरी खालून पाच इंच आधार गेल्यावर तो तरणार कसा? तो आधी वाकतो, मग चराच्या दोन्ही कडांना लांब सरळ रेघा उमटतात. कुठल्याही शहरात चालताना त्या समांतर रेघा बघा. खाली कोणाची तरी लाइन गेली आहे हे त्या न सांगता सांगतात. त्या रेघांतून पाणी आत जातं आणि पुढचं काम पाणी करतं.

माती दाबण्याचं शास्त्र जुनं आहे आणि अवघड मुळीच नाही. १९२८ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिस शहराचं सेंट फ्रान्सिस धरण फुटलं, चारशेहून अधिक माणसं गेली. त्याच्या बदल्यात पुढे बुके कॅनियनमध्ये मातीचं धरण बांधलं गेलं. त्या शहराच्या पाणीखात्यातले अभियंते राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ साली लेख लिहून एक गोष्ट सिद्ध करून दाखवली: ठरावीक ताकदीनं माती कुटली, तर ती किती घट्ट बसेल हे तिच्यातल्या पाण्यावर ठरतं. कोरडी माती कणाला कण अडवून धरते. थोडं पाणी मिळालं की कण एकमेकांवरून सरकून पोकळ्या भरतात. पाणी जास्त झालं की त्या पोकळ्या पाणीच अडवून बसतं, आणि पाणी काही दबत नाही. मधे एकच नेमका बिंदू असतो. त्या बिंदूवरच्या पाण्याच्या प्रमाणाला आम्ही ओएमसी (ऑप्टिमम मॉइश्चर कंटेंट) म्हणायचो.

ही चाचणी मी शेकडो वेळा केली आहे. १००० घनसेंटिमीटरचा लोखंडी साचा, त्यात माती तीन थरांत भरायची, प्रत्येक थरावर २.६ किलोचा ठोकळा ३१ सेंटिमीटरवरून २५ वेळा सोडायचा, वजन करायचं, मग पाणी थोडं वाढवून पुन्हा तेच. रस्त्याच्या कामाला जड चाचणी, म्हणजे ४.९ किलोचा ठोकळा, ४५ सेंटिमीटरची उंची आणि पाच थर. चौथ्या-पाचव्या फेरीला वजन वाढायचं थांबून उतरू लागतं, तिथे मातीनं आपला आकडा सांगितलेला असतो. पण अनुभवी मुकादमाला साचा लागत नाही. तो मूठभर मुरूम घट्ट आवळतो. गोळा होऊन तळवा ओला झाला नाही आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर गोळ्याचे चार तुकडे झाले, तर माती तयार. भाकरीच्या पिठाला पाणी किती हे जसं हाताला कळतं, तसंच ते आहे.

आमच्या आजोळच्या वाड्यात जमीन करताना मुरूम पसरून पाणी शिंपडायचे आणि रात्रभर मुरू द्यायचे. सकाळी धुमसानं ठोकायचे, नंतर वर पांढरी माती घालून चोपण्यानं चोपायचे. एका दिवसात चार बोटांपेक्षा जास्त जाडीचा थर कोणी घेत नसे. त्या माणसांनी प्रॉक्टरचं नाव ऐकलेलं नव्हतं. पातळ थर, मापात पाणी आणि भरपूर ठोकाठोक हे तिन्ही नियम त्यांना ठाऊक होते, कारण त्या जमिनीवर त्यांना स्वतःलाच राहायचं होतं.

आता शहरातला चर बघा. रात्री अकराला जेसीबी येतं, पहाटेपर्यंत पाइप टाकून होतो. मग बाजूला पडलेला ढीग बकेटनं लोटला जातो. त्यात फुटक्या डांबराचे लगदे, जुन्या सोलिंगचे दगड, काळी माती, प्लास्टिकच्या पिशव्या असं सगळं असतं, आणि हे सगळं एका दमात मीटरभर खोल जातं. वरून बकेटची पाठ चार वेळा आपटली जाते, जेसीबी दोन वेळा चाक फिरवतं, आणि मधे वीतभर उंचवटा ठेवून काम संपतं. फेब्रुवारीत मी तिथे उभ्या असलेल्या मुकादमाला विचारलं होतं, थर का घेत नाही? तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, गाड्या जाऊन जाऊन बसतंय आपोआप. एक पाऊस झाला की फिट्ट."

त्याच्यावर माझा राग नाही. त्याला जे शिकवलं तेच तो बोलला, आणि हा समज वरपर्यंत पसरलेला आहे. पण तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा ते नीट सांगायला हवं. टायरचा दाब जमिनीत जाताना चहूबाजूंना पसरतो आणि खोलीबरोबर झपाट्यानं कमी होतो. वरची वीतभर माती गाड्यांनी घट्ट होते हे खरं. मीटरभर खालच्या मातीला त्या गाडीची जेमतेम जाणीव होते. म्हणजे वर कडक पापुद्रा आणि खाली पोकळ भुसभुशीत पोट अशी रचना तयार होते. मार्चमध्ये डांबर टाकायला तो पापुद्रा पुरतो. जुलैत पाणी खाली उतरलं की सैल माती भिजून एकदम कोसळते, आणि पापुद्रा अधांतरी राहतो. काकांचं चाक त्या अधांतरी भागावर गेलं.

वाईट गोष्ट अशी की सैल चर हा पाण्याचा पाट बनतो. आजूबाजूची मूळ जमीन घट्ट असते, म्हणून रस्त्यावरचं आणि गळक्या जोडांतलं पाणी चराच्या वाटेनं पाइपाच्या कडेकडेनं वाहतं आणि जाता जाता बारीक माती घेऊन जातं. शेजारच्या जुन्या ड्रेनेजला भगदाड असेल तर ती माती त्यातून निघून जाते आणि वर डांबर शाबूत दिसत असतानाच खाली पोकळी वाढत राहते.

आणि या सगळ्यात पाइपाचं काय होतं? प्लास्टिकच्या पाइपाला वरचा भार एकट्यानं पेलता येत नाही. त्याच्या दोन्ही बगलांत माती घट्ट कोंबलेली असेल तरच तो गोल राहतो, नाहीतर चपटा होतो. लोखंडी पाइपाखाली तळ एकसारखा नसेल तर तो कुठे टेकतो, कुठे लोंबतो आणि जोड उघडतात. पाइपाच्या बगलेत माती भरणं हे हातानं, गुडघ्यावर बसून करायचं काम आहे, जेसीबीची बकेट तिथे पोहोचतच नाही. पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेसाठी शेकडो किलोमीटर नव्या वाहिन्या टाकायचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे आणि त्यामागचा एक मोठा हेतू गळती थांबवणं हा आहे. गळती थांबवायला टाकलेली वाहिनी वाईट भरावामुळे गळू लागली, तर ती शोधायला पुन्हा तोच रस्ता खोदायचा.

आपल्या जमिनीचाही प्रश्न आहे. पुण्यापासून नागपूरपर्यंत बेसॉल्टच्या या प्रदेशात दोन टोकांच्या माती शेजारीशेजारी सापडतात. मुरूम चांगला, दाबला की दगडासारखा बसतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांत स्पष्ट लिहिलं आहे की मातीचा फुगण्याचा निर्देशांक ५० टक्क्यांच्या वर असेल तर ती भरावाला वापरायची नाही. हे शोधणं किती सोपं? दोन काचेच्या नळ्या घ्यायच्या, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, दोन्हींत दहा-दहा ग्रॅम चाळलेली कोरडी माती टाकायची आणि एक दिवस थांबायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते, फरक डोळ्यांना दिसतो. माझ्या सळईला लागलेला चिखल काळा होता. त्या चरात ती माती परत लोटली गेली, कारण ती तिथेच पडलेली होती आणि मुरूम आणायला ट्रक लागला असता.

कोणी म्हणेल, नियमच नसतील. नियम आहेत. त्याच मानकांप्रमाणे रस्त्याच्या अगदी खालचा मातीचा थर जड चाचणीतल्या घनतेच्या किमान ९७ टक्के दाबायचा, त्याखालचा भराव ९५ टक्के. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या दरसूचीत चर भरण्याच्या बाबीचं वर्णन वाचा: पाइपावर आधी मऊ माती, मग कठीण माती, १५ सेंटिमीटरच्या थरांत, दाबाईसह. १.२ मीटरच्या चरात याचे आठ थर होतात. आठ वेळा माती पसरायची, पाणी मारायचं, रॅमर म्हणजे माती ठोकायचं यंत्र चालवायचं. त्या दरात कंत्राटदाराला याचे पैसे मिळतात. लोकांच्या करातून आठ थरांचे पैसे जातात आणि चरात एकच थर पडतो.

हे पकडलं का जात नाही? कारण मेजरमेंट बुकात लांबी, रुंदी, खोली लिहिली की घनमीटर निघतात आणि घनमीटर निघाले की बिल निघतं. सैल भरलेला घनमीटर आणि घट्ट भरलेला घनमीटर वहीत अगदी सारखे दिसतात. कनिष्ठ अभियंत्याकडे एकाच वेळी दहा ठिकाणची कामं असतात. पहाटे तीन वाजता तो चरात उतरून थर मोजेल ही अपेक्षा मी त्याच्याकडून करत नाही. पण कागदावर घनतेचा रकानाच नसेल, तर दिवसाउजेडीसुद्धा ती कोण विचारणार?

त्याहून मोठं दुखणं वाटून टाकलेल्या जबाबदारीचं आहे. मुंबईत महापालिका सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांकडून पुनर्भरणाचे पैसे घेते आणि चर बुजवायला स्वतःचे कंत्राटदार नेमते. इतर अनेक ठिकाणी पाइप टाकणारा माती लोटून जातो आणि डांबराचा पॅच दुसऱ्याच कंत्राटातून पडतो. रस्ता मुळात ज्यानं बांधला तो तिसराच असतो, आणि त्याच्या दोषदायित्वाच्या काळात, म्हणजे दुरुस्ती त्याच्याच गळ्यात असते त्या मुदतीत, कोणी रस्ता खोदला की तो हात वर करून मोकळा होतो. खड्डा पडल्यावर डांबरवाला मातीकडे बोट दाखवतो, मातीवाला गळक्या जोडाकडे, जोडवाला पावसाकडे. त्यांतल्या प्रत्येकाचं थोडं थोडं खरं असतं, म्हणूनच कोणालाही धरता येत नाही.

पुण्यात खड्ड्यांचा विषय निघाला की जंगली महाराज रस्त्याचं नाव येतंच. सत्तरच्या दशकात रेकॉन्डो कंपनीनं तो दहा वर्षांच्या हमीवर बांधला आणि तो कित्येक पावसाळे टिकला. लोक त्याचं डांबर आठवतात. मला त्यातली हमी महत्त्वाची वाटते, दहा वर्षं एकाच नावावर लिहिलेली. चरांना अशी हमी द्यायला काय हरकत आहे? इंग्लंडमध्ये १९९१ च्या रस्तेविषयक कायद्यानं ती दिली आहे. तिथे जी कंपनी रस्ता खोदते तिनंच तो तळापासून वरपर्यंत पूर्ववत करायचा, आणि दोन वर्षं जबाबदारी तिचीच. चर दीड मीटरपेक्षा खोल असेल तर तीन वर्षं. कुठलं यंत्र असेल तर थर किती जाड घ्यायचा आणि त्यावर किती फेऱ्या मारायच्या याचे तक्तेच तिथल्या नियमावलीत आहेत. तिथलेही रस्ते काही निर्दोष नाहीत, पण चर खचला तर कोणाला बोलवायचं हा प्रश्न तिथे उरत नाही.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. ते हलकं नाही. अभियंते सांगतात, वाहतूक पोलीस रात्रीची सहा तासांची परवानगी देतात, सकाळी सातला रस्ता मोकळा हवा. त्यात खोदाई, पाइप, जोडणी आणि आठ थर कसे बसवायचे? ही अडचण खरी आहे, आणि तिच्यात आपलाही वाटा आहे. गल्ली चार दिवस बंद राहिली की आम्हीच नगरसेवकाला फोन करतो, "बुजवा एकदाचं" म्हणून. मी स्वतः फेब्रुवारीत तेच बोलले होते. अरुंद चराची अडचणही खरी. दोन फूट रुंदीत रॅमर घेऊन माणूस उतरवायचा म्हणजे त्याच्या जिवाची काळजी आली. दीड मीटरपेक्षा खोल चराला बाजूंनी आधार द्यावा असं भारतीय मानक सांगतं, तरी दरड अंगावर येऊन मजूर गाडले गेल्याच्या बातम्या थांबत नाहीत. माझ्या घट्ट भरावासाठी कोणा बिगाऱ्यानं जीव धोक्यात घालावा असं मी कधीच म्हणणार नाही.

म्हणूनच अशा जागी माती वापरायचा हट्ट सोडावा. वाळू, फ्लाय ॲश, पाणी आणि अगदी थोडं सिमेंट यांचं पातळ मिश्रण मिक्सरमधून थेट चरात ओतता येतं. ते स्वतःच पाइपाच्या बगलांत शिरतं, कुटावं लागत नाही, कोणाला खाली उतरावं लागत नाही आणि काही तासांत घट्ट मुरमासारखं होतं. सिमेंट मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे उद्या दुरुस्तीसाठी पुन्हा खोदता येतं. ओतताना हलका पाइप वर तरंगू नये म्हणून त्याला दाबून धरावं लागतं आणि मिश्रण टप्प्याटप्प्यानं ओतावं लागतं, एवढीच खबरदारी. जगात अनेक शहरं हे वापरतात. आणि फ्लाय ॲशची आपल्याकडे काय कमतरता? कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, परळी, एकलहरे या प्रत्येक ठिकाणी औष्णिक वीज केंद्रांची राख साठलेली आहे. दर घनमीटरला हे मिश्रण मातीपेक्षा महाग पडेल. पण मातीच्या बाजूला दुसऱ्यांदा केलेलं डांबर, तिसऱ्यांदा केलेली खोदाई आणि काकांचं मनगट हेही लिहा, मग तुलना करा.

दुसरा आक्षेप असा की सगळं डक्टमध्ये, म्हणजे रस्त्याखालच्या एका सामाईक खोक्यात टाका, खोदाईच संपेल. नव्या रुंद रस्त्यांवर डक्ट हवेतच. पण पेठांमधल्या बारा-पंधरा फुटी गल्लीत ड्रेनेज, पाणी, गॅस आणि वीज एका खोक्यात बसणार नाहीत. उताराप्रमाणे जाणारं ड्रेनेज तर खोलच राहणार. आणि डक्टच्या दोन्ही बाजूंनाही माती भरावीच लागते.

मोजमाप महाग आहे हा आक्षेप मला मान्य नाही. वाळू ओतून घनता काढायच्या चाचणीला चरातल्या थरात दहा सेंटिमीटर व्यासाचा खळगा करायचा, निघालेली माती तोलायची आणि मोजलेली कोरडी वाळू ओतून खळग्याचं आकारमान काढायचं. ओलावा बघायला कार्बाइडची बाटली असते. मातीचा नमुना आणि कार्बाइड आत टाकून झाकण घट्ट लावून हलवायचं, वायू तयार होतो आणि काटा टक्के दाखवतो. या सगळ्याला अर्धा तास पुरतो. त्याहून सोपा आहे डीसीपी (डायनॅमिक कोन पेनेट्रोमीटर). आठ किलोचा हातोडा दांड्यावरून सोडायचा आणि टोकदार शंकू दर ठोक्याला किती मिलिमीटर आत गेला ते लिहायचं. माझ्या सळईचाच हा शिस्तशीर भाऊ. दहा-पंधरा मिनिटांत चराचं पोट वरपासून खालपर्यंत वाचून होतं, आणि दोन माणसं एका रात्रीत कितीतरी जागा तपासू शकतात. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात असा एक संच असावा आणि त्याचे आकडे, जागेच्या खुणेसह, नागरिकांना बघायला मिळावेत. केंद्र सरकारनं २०२३ च्या मार्चमध्ये खोदण्याआधी कळवायचं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं, खालच्या केबल तुटू नयेत म्हणून. बुजवल्यानंतर कळवायची अशी सोय मात्र माझ्या पाहण्यात नाही.

न्यायालयानं आपलं काम केलं आहे. चांगले रस्ते हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये खड्ड्यानं मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश त्याच न्यायालयानं दिला. हे पैसे द्यायची वेळ येण्याआधीची गोष्ट मी मागते आहे. ती अभियंत्यांच्या, लेखाधिकाऱ्यांच्या आणि स्थायी समितीच्या हातात आहे. निविदेत चार ओळी वाढवायच्या आहेत: भरायच्या मातीचा प्रॉक्टर अहवाल आधी, थरांची मोजणी काम चालू असताना, तीन वर्षांची एकाच नावावरची हमी, आणि अनामत रक्कम तिसरा पावसाळा गेल्यावर परत.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या दुसऱ्या तोंडाला फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या. आता गॅसची लाइन येणार आहे. मी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला आणि त्या चार गोष्टी मागितल्या. टेबलापलीकडच्या तरुण अभियंत्यानं अर्ज नीट वाचला आणि विचारलं, "डीसीपी आणायचं कुठून मॅडम?" मी त्याला आमच्या जुन्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याचा नंबर दिला. काम सुरू होईल त्या रात्री मी खाली उभी राहणार आहे. काकाही येणार म्हणतात, प्लास्टर निघालं तर.